सगळ्यांचा कस पांढराच येतो: दोष प्लेटचा की दगडांचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाघोली आणि पाषाण परिसरातून काही स्वतः वेचलेली आणि काही विक्रेत्याकडून घेतलेली खनिजे ओळखण्यासाठी आपण आधी स्नानगृहाच्या कामातून उरलेल्या भिंतीच्या टाइलची मागची बाजू वापरली आणि नंतर ऑनलाइन मागवलेल्या किटमधली पांढरी स्ट्रीक प्लेट (खनिज घासून त्याच्या रेघेचा रंग, म्हणजे कस, पाहण्याची पट्टी) वापरली. प्लेटवर जवळजवळ सगळ्याच खनिजांचा कस पांढरा आला. गारगोटीची रेघ टाइलवर तांबूस आणि प्लेटवर पांढरी उमटली. सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांनी ‘मॅग्नेटाइट’ (चुंबकाला ओढले जाणारे लोहखनिज) म्हणून दिलेल्या जड काळ्या दगडाने मात्र लालसर तपकिरी रेघ ओढली. त्यामुळे प्लेट सदोष आहे का आणि महागडी प्लेट घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

प्लेट बदलण्याची गरज नाही. आपण वर्णन केले आहे तसे निकाल चांगल्या प्लेटवर यायलाच हवेत. कसाच्या परीक्षेकडून आपण जी अपेक्षा करत आहात, ती पुण्याच्या परिसरातल्या बहुतेक खनिजांच्या बाबतीत ही परीक्षा पुरी करू शकत नाही, ही खरी अडचण आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून खनिजओळखीची प्रात्यक्षिके करून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि आपला हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारलेला आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कस म्हणजे खनिजाच्या बारीक भुकटीचा रंग. झिलई नसलेली चिनी मातीची प्लेट ही भुकटी मिळवण्याची सोयीची जागा आहे, त्यापलीकडे तिच्यात कोणतीही करामत नाही. ती पांढरी असल्याने गडद भुकटी तिच्यावर स्पष्ट दिसते आणि खरखरीत असल्याने तिच्यावर खनिज झिजते. अखंड तुकड्याचा रंग अनेक कारणांनी फसवा असतो. पृष्ठभाग हवेने आणि पाण्याने बदललेला असतो, कण कमी-अधिक मोठे असतात आणि कधी नगण्य प्रमाणातली अशुद्धीसुद्धा सगळा स्फटिक रंगवून टाकते. भुकटी केली की यातले बरेचसे प्रभाव गळून पडतात. पारदर्शक खनिजाच्या सूक्ष्म कणात प्रकाश इतके थोडे अंतर कापतो की रंग शोषला जायला वावच मिळत नाही, आणि असंख्य पृष्ठभागांवरून विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. हिरव्या बाटलीची काच कुटल्यावर चुरा पांढरट दिसतो, त्यातलाच हा प्रकार. याउलट एखादे खनिज प्रकाश फार तीव्रतेने शोषत असेल, तर त्याच्या अगदी बारीक कणालाही रंग राहतो. म्हणजे ‘हा रंग खनिजाचा स्वतःचा आहे की उसना?’ एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर प्लेट देते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या संग्रहातच आहे. पाषाणच्या टेकड्यांमधले हिरवे अपोफायलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्याचा हिरवेपणा स्फटिकात अल्प प्रमाणात शिरलेल्या व्हॅनेडियम या धातूमुळे येतो, मात्र अपोफायलाइट घडण्यासाठी व्हॅनेडियमची मुळीच गरज नसते. म्हणून रंगहीन अपोफायलाइट असो वा हिरवे, कस पांढराच येतो. वाघोलीच्या खाणींमधल्या कॅव्हन्साइटचा गडद निळा रंगही व्हॅनेडियमचाच आहे, पण कॅव्हन्साइट हे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचे जलयुक्त सिलिकेट असल्याने तिथे व्हॅनेडियम रचनेचा अविभाज्य घटक आहे, आणि म्हणून त्याच्या भुकटीत निळसर छटा टिकून राहते. ती फिकट असते, स्फटिकासारखी गडद निळी नसते, हे लक्षात ठेवावे, नाहीतर चांगले कॅव्हन्साइटही खोटे वाटेल. एकच मूलद्रव्य दोन्ही खनिजांना रंग देते आणि प्लेटवर मात्र दोघे वेगळे पडतात. (कॅव्हन्साइटचा चांगला गुच्छ केवळ पडताळणीसाठी प्लेटवर घासू नये. डबीच्या तळाशी पडलेला चुरा दोन प्लेटच्या तुकड्यांमध्ये चिरडला तरी काम होते.)

आता आपल्या पांढऱ्या रेघांविषयी. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या (काळ्या ज्वालामुखी खडकातल्या) पोकळ्यांत जी खनिजे वाढतात, ती स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, अपोफायलाइट आणि कॅल्साइट ही सगळी पांढऱ्या कसाची आहेत. गुलाबी स्टिल्बाइटचा कस पांढरा, मधासारख्या पिवळ्या कॅल्साइटचाही पांढरा. तेव्हा वाघोलीच्या दगडांनी प्लेटवर पांढऱ्या रेघा ओढल्या असतील, तर प्लेटने चोख काम केले आहे. पांढरा कस ही निरुपयोगी माहिती आहे असेही नाही. हिरव्या पापुद्र्याला कोणी मॅलॅकाइट म्हणत असेल आणि त्याचा कस हिरवा येत नसेल, तर ते मॅलॅकाइट नाही, एवढे आपण तिथल्या तिथे सांगू शकता. मात्र ‘हे काय नाही’ याकडून ‘हे काय आहे’ याकडे जाण्यासाठी दुसऱ्या कसोट्या लागतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

गारगोटीचे कोडे याहून वेगळे आहे आणि मला ते आपल्या प्रश्नातले सर्वांत उद्बोधक वाटले. चिनी मातीच्या प्लेटची कठिनता मोहस् मापश्रेणीवर (एक म्हणजे सर्वांत मऊ, दहा म्हणजे सर्वांत कठीण) साधारण साडेसहा ते सात असते आणि गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची, सात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की मऊ असेल तो झिजतो. त्यामुळे गारगोटीने प्लेटवर ओढलेली पांढरी रेघ ही बहुतांशी प्लेटचीच भुकटी होती. भिंतीच्या टाइलचा आतला गाभा चिनी मातीपेक्षा मऊ आणि अनेकदा तांबड्या मातीचा असतो, तो गारगोटीने खरवडला आणि तांबूस रेघ दिसली. आपण विचारता की दोन्हींपैकी खरा कस कोणता, तर दोन्ही रेघा गारगोटीच्या नव्हेत. तपासण्याची रीत सोपी आहे: रेघेवरची भुकटी ओल्या बोटाने पुसून काढावी आणि प्लेट तिरपी धरून, खिडकीतल्या प्रकाशात भिंगाने पाहावी. भुकटीखाली ओरखडा किंवा चर दिसला तर प्लेट झिजली आहे आणि निरीक्षण बाद. पृष्ठभाग पूर्ववत दिसला तर भुकटी खनिजाची. ही सवय लागली की गार्नेट, पुष्कराज, कुरुविंद अशा कठीण खनिजांचा ‘पांढरा कस’ वहीत लिहिण्याची चूक टळते. अशा खनिजांचा कस हवाच असेल, तर लहानसा कण कुटून भुकटी पांढऱ्या कागदावर पाहावी लागते.

टाइल वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. गाभा पांढरा आणि घट्ट असेल, अशा व्हिट्रिफाइड टाइलचा तुकडा चालतो. मात्र भट्टीत रोलरला चिकटू नये म्हणून टाइलच्या पाठीवर पांढरा थर दिलेला असतो. तो आधी घासून काढला नाही, तर कशानेही घासले तरी पांढरी धूळ उठते. फुटलेल्या चिनी मातीच्या कपाच्या बुडाची झिलई नसलेली कड किंवा जुन्या किटकॅट फ्यूजची झिलई नसलेली बाजूही चालते, फक्त जागा अपुरी पडते. कोणताही पर्याय वापरताना आधी त्याची परीक्षा घ्यावी: स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सुरीचे टोक त्यावर ओढले असता करडी धातूची रेघ उमटली पाहिजे. सुरीने पृष्ठभागच खरवडला गेला, तर तो तुकडा कस पाहण्यास फार मऊ आहे. आपल्या टाइलचे असेच होईल, असा माझा अंदाज आहे.

घासण्याच्या पद्धतीत फार काही नाही, पण दोन-तीन गोष्टींनी निकाल बदलतो. पृष्ठभाग ताजा हवा. खाणीत पडून असलेल्या दगडावर लोहाच्या गंजाचा पातळ पापुद्रा असतो आणि पहिली रेघ त्या पापुद्र्याचीच उमटते, म्हणून टोक फोडून किंवा आधी दुसऱ्या दगडावर घासून मग प्लेटवर आणावे. प्लेट हातात न धरता टेबलावर सपाट ठेवावी, एका बाजूने घट्ट दाबावी आणि खनिजाचा कोपरा दोनेक सेंटिमीटर ओढावा. मग रेघेच्या गडद सुरुवातीकडे नव्हे, तर ती विरत जाते त्या शेपटाकडे पाहावे. जाड थर सगळ्याच गडद खनिजांचा काळपट दिसतो. बोटाने तो पसरवला की खरा रंग उघडा पडतो. हेमॅटाइट या लोहखनिजाच्या बाबतीत हा बदल नाट्यमय असतो: दगड पोलादी करडा, रेघेची सुरुवात जवळजवळ काळी आणि बोट फिरवताच गेरूचा लाल रंग. हे सगळे दिवसाच्या उजेडात करावे. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी, लाल आणि काळपट यांत फरक करणे अनुभवी माणसालाही जड जाते.

यावरून आपल्या काळ्या दगडाकडे येतो, कारण प्लेटचा खरा उपयोग अशा गडद, जड, धातूसारख्या चमकेच्या खनिजांसाठीच आहे. मॅग्नेटाइटचा कस काळा असतो. लालसर तपकिरी रेघ उमटत असेल, तर दगडात हेमॅटाइट आहे, असे मानायला भक्कम आधार आहे. तरीही ‘नातेवाइकांनी चुकीचे सांगितले’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. मॅग्नेटाइटचे कालांतराने ऑक्सिडीकरण होऊन हेमॅटाइट बनते आणि बाहेरचा अष्टफलकी आकार मात्र तसाच राहतो. अशा रूपाला मार्टाइट म्हणतात. त्याच्या गाभ्यात मॅग्नेटाइटचे अवशेष असतील तर दगड चुंबकाकडे थोडाफार ओढला जातो, पण रेघ लाल ओढतो. दुसरी शक्यता क्रोमाइटची आहे. सिंधुदुर्गात रेडीचे लोहखनिज आहे तसे कणकवली परिसरात क्रोमाइटही सापडते. तेही काळे आणि जड, आणि त्याचा कस गडद तपकिरी. म्हणजे ‘लालसर तपकिरी’ या आपल्या शब्दांतला ‘लालसर’ किती आणि ‘तपकिरी’ किती, यावर सगळे अवलंबून आहे.

रंगांच्या नावांवर विसंबू नये, तुलना करावी, हा माझा आग्रह त्यासाठीच. गेरूचा एक खडा (भुकटी नको, तिच्यात रंग मिसळलेला असू शकतो) प्लेटच्या कडेला ओढावा, त्याशेजारी पेन्सिलीच्या ग्रॅफाइटची काळी रेघ ओढावी आणि मधोमध आपल्या दगडाची. तिन्ही बोटाने सारख्या पसरवल्या की दगड गेरूच्या कुळातला आहे की नाही, याबद्दल शंका राहत नाही. नंतर दगडाचा लहान तुकडा कुटून भुकटी कागदावर पसरावी आणि जुन्या स्पीकरमधले चुंबक कागदाच्या खालून फिरवावे. काळे कण उभे राहून चुंबकाबरोबर सरकले आणि लाल धूळ जागेवर राहिली, तर दगड दोन्ही खनिजांचे मिश्रण आहे. काहीच हलले नाही, तर शुद्ध हेमॅटाइट किंवा क्रोमाइट, आणि त्या दोघांचा निवाडा गेरूच्या रेघेने आधीच झालेला असतो.

अशा गडद खनिजांच्या जोड्या प्लेट किती सहज सोडवते, हे पाहायचे असेल तर संग्रहात विदर्भातले मँगनीज खनिज अवश्य ठेवावे. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गसारख्या खाणींमधल्या पायरोलुसाइटचा कस काळा असतो आणि तो हातालाही लागतो, तर सिलोमेलेन या दुसऱ्या मँगनीज खनिजाचा कस तपकिरी काळा असतो. जांभ्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. महाबळेश्वरच्या किंवा कोकणातल्या जांभ्याची रेघ एका टोकाने पिवळी आणि दुसऱ्या टोकाने लाल येऊ शकते, कारण जांभा हे एक खनिज नसून गोएथाइट, हेमॅटाइट, ॲल्युमिनियमची जलयुक्त ऑक्साइडे आणि माती यांचे मिश्रण आहे. गोएथाइट जास्त असेल तिथे पिवळट तपकिरी, हेमॅटाइट जास्त असेल तिथे लाल. कस खनिजाचा पाहायचा असतो, खडकाचा नव्हे. बेसॉल्टचा तुकडा घासून ‘करडा कस’ अशी नोंद केलेल्या वह्या मी पुष्कळ तपासल्या आहेत.

पायराइटला सोने समजणाऱ्यांसाठी प्लेट हा झटपट उतारा आहे, कारण सोन्याची रेघ सोनेरी पिवळी आणि पायराइटची हिरवट काळी. पण पायराइट आणि चॅल्कोपायराइट या जोडीत प्लेट हात टेकते, दोघांच्या रेघा हिरवट काळ्याच असतात. तिथे सुरी वापरावी. चॅल्कोपायराइटवर ओरखडा उठतो आणि पायराइटवर उठत नाही.

आता मागे ठेवलेला मुद्दा, पांढऱ्या कसाच्या पुणेरी खनिजांचा. इथेही प्लेट पूर्ण बाजूला ठेवू नये, तिच्यावरची भुकटी कामाला येते. पांढऱ्या रेघेवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. तत्काळ फसफसले तर कॅल्साइट. आम्ल घरात ठेवणे सुरक्षित वाटत नसेल तर स्वयंपाकाचा व्हिनेगरही भुकटीवर बारीक बुडबुडे काढतो, फक्त भिंगातून थोडे थांबून पाहावे लागते. कॅल्साइट वगळले की कठिनता पाहावी. स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट साडेतीन-चारच्या आसपास असल्याने सुरीने सहज खरवडले जातात, अपोफायलाइट साडेचार ते पाच असल्याने थोडा जोर लागतो, स्कोलेसाइट पाच ते साडेपाच असल्याने सुरी जेमतेम चालते. या कसोट्या नेहमी तुटक्या, बिनमोलाच्या तुकड्यावर आणि भिंगाखाली कराव्यात, कारण सुईसारख्या स्फटिकांचे गुच्छ सुरीखाली ओरखडा न उमटता मोडतात आणि ते मऊ असल्याचा चुकीचा समज होतो.

याहून जास्त भरवशाचा मार्ग स्फटिकाचा आकार आणि पाटन (ठरावीक दिशेने सपाट फुटण्याची रीत) हा आहे. अपोफायलाइटचे स्फटिक चौरस छेदाचे असतात, टोकाला बहुधा मनोऱ्यासारखे निमुळते, आणि ते उभ्या अक्षाला काटकोनात स्वच्छ फुटतात. त्या फुटलेल्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते आणि उभ्या बाजू मात्र काचेसारख्या चमकतात. स्टिल्बाइटचे स्फटिक गव्हाच्या पेंढीसारखे मधे आवळलेले आणि टोकांना फुललेले. ह्यूलँडाइटच्या सपाट मोतिया पृष्ठाचा आकार जुन्या पद्धतीच्या शवपेटीसारखा, मधे रुंद आणि टोकांना अरुंद असतो. एकदा नजर बसली की हे तिघे हातात न घेताही ओळखता येतात.

प्लेटच्या देखभालीबद्दल आपण विचारलेले नाही, पण ते सांगणे जरूर आहे. साचलेल्या जुन्या रेघांवर नवी रेघ ओढू नये. भांडी घासायची पावडर आणि जुना दात घासायचा ब्रश यांनी बहुतेक डाग जातात. चिवट डागांसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 220 नंबरचा काळा वॉटर पेपर पाण्याखाली फिरवावा. किटमधली प्लेट गुळगुळीत झाली असेल तर याच कागदाने ती पुन्हा खरखरीत होते. प्लेट घासल्यावर धुऊन कोरडी करावी, कारण ओल्या प्लेटवर फिकट रेघ दिसत नाही. आपल्याकडे पांढऱ्या कसाची खनिजे इतकी असल्याने काळ्या रंगाच्या प्लेटचा एक तुकडा जवळ ठेवायला हरकत नाही. पांढरी भुकटी तिच्यावर ठळक दिसते. खर्च करायचाच असेल, तर महागड्या पांढऱ्या प्लेटऐवजी तो दहापट वर्धनाच्या चांगल्या भिंगावर करावा.

भुकटी फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गॅलेनात शिसे असते, सिनबारात पारा, रिअलगारात आर्सेनिक, आणि तंतुमय खनिजांची धूळ फुप्फुसांत जाणे मुळीच इष्ट नाही. काम झाल्यावर हात धुवावेत. मुलांना हे दाखवणार असाल, तर ही काळजी आधी घ्यावी.

हे सगळे करूनही काही तुकडे निर्णयाविना राहतील, ते स्वाभाविक आहे. स्टिल्बाइट आणि स्टेलराइट किंवा मेसोलाइट, स्कोलेसाइट आणि नॅट्रोलाइट यांच्यात केवळ डोळ्यांनी, सुरीने वा प्लेटने खात्रीचा निवाडा होत नाही, त्यासाठी क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली रचना पाहण्याची प्रयोगशाळेतली तपासणी) करावे लागते. असे तुकडे वेगळ्या डबीत ठेवून प्रत्येकाबरोबर सापडण्याचे ठिकाण, पोकळीतली सोबतची खनिजे आणि आपण केलेल्या कसोट्यांचे निकाल लिहून ठेवावेत. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूविज्ञानाचे विभाग आहेत. तिथल्या अध्यापकांना आधी विचारून, वेळ ठरवून गेल्यास मार्गदर्शन मिळू शकते, आणि जाताना अशी नोंद बरोबर असेल तर त्यांना कामाला लागणे सोपे जाते. आपल्या काळ्या दगडाची गेरूशेजारची रेघ कशी उमटली, ते मात्र इथे अवश्य कळवावे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात आणि तिन्ही रेघा एकत्र दिसतील असे घ्यावे.